चित्रकार वैद्य : डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर

वरळीच्या किल्ल्याखालीं ओहोटीच्या वेळीं जे खडक उघडे पडतात, त्यांवरून अनवाणी धांवण्याचा मोह आवरणारा विद्यार्थी विरळाच. कधीं कालवाच्या शिंपेची धार तळव्यास लागते, कधीं कोळीवाड्यांत माशाचा कांटा टांचेंत रुततो. घरीं आल्यावर आई हळद दाबते आणि दोन दिवसांत तें दुखणें विस्मरणांत जातें. परंतु कांट्याची गोष्ट प्रत्येक वेळीं इतक्या सहज संपत नाहीं. देशावरील एखाद्या शेतकऱ्याच्या पायांत बाभळीचा कांटा मोडतो, जखम वरून भरून येते, आणि महिने, कधीं वर्षें लोटल्यावर त्याच ठिकाणीं एक कठीण गांठ दिसूं लागते. ती फारशी दुखत नाहीं, म्हणून तो तिची पर्वा करीत नाहीं. पुढें पाय सुजतो, त्यास जागोजाग छिद्रें पडतात, त्यांतून पू व पुवाबरोबर बारीक दाणे वाहूं लागतात, आणि आंतलीं हाडें पोखरून निघतात. ह्या व्याधीचें मूळ बुरशींत आहे असें निश्चयपूर्वक प्रतिपादन करणारे व तिला आजचें नांव देणारे गृहस्थ आमच्या ह्याच मुंबईंत, भायखळ्याच्या सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत काम करीत होते. त्यांचें नांव डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर. त्यांचें एक निराळेंच काम साऱ्या जगांतील वैद्यकाचे विद्यार्थी जाणतात. परंतु तें काम करणाऱ्यास त्यांतील फारच थोडे जाणतात. ह्या दोन्ही कामांचा एकमेकांशीं कसा संबंध आला, तें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचण्यासारखें आहे.

कार्टर ह्यांचा जन्म ता. २२ मे १८३१ रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत हल ह्या बंदरीं झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगांत चित्रें काढून निर्वाह करणारे कलावंत होते, आणि समुद्र व गलबतें हे त्यांचे आवडते विषय होते. हें कुटुंब पुढें स्कारबरो ह्या समुद्रकांठच्या गांवीं राहिलें. धाकटे बंधु जोसेफ हेहि चित्रकारच झाले. थोरल्या मुलास व्हँडाइक हें जें मधलें नांव मिळालें, तें फ्लँडर्स देशच्या एका प्रख्यात चित्रकाराचें होय. त्यावरून बापाच्या मनांत कोणत्या आशा असतील त्याची कल्पना करतां येते. मुलाचा हात खरोखरच चित्रकाराचा होता. परंतु त्याचें मन वैद्यकाकडे वळलें. १८४७ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ते लंडनला आले आणि तेथील सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या वैद्यकशाळेंत शिकूं लागले. १८५२ मध्यें शस्त्रवैद्याची परीक्षा उतरल्यावर त्यांनीं दोन वर्षें शस्त्रवैद्यांच्या राजमान्य संस्थेंत मनुष्याच्या व इतर प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास केला, आणि १८५६ मध्यें लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी संपादन केली. ज्या हातानें इतर मुलगे डोंगर व नद्या रंगवीत, त्या हातानें हा तरुण हाडें, शिरा व स्नायु रेखाटीत होता.

सेंट जॉर्ज रुग्णालयांतच त्यांची गांठ हेन्री ग्रे ह्या शस्त्रवैद्याशीं पडली. ग्रे हे त्यांच्याहून थोडे मोठे, बुद्धिमान व महत्त्वाकांक्षी होते. विद्यार्थ्यांस परवडेल व समजेल असा शरीररचनेचा एक ग्रंथ तयार करावा असें त्यांनीं योजिलें, आणि त्यांतील चित्रांचें काम कार्टर ह्यांस सांगितलें. दोघांनीं मिळून सुमारें दीड वर्ष शवच्छेदनगृहांत घालविलें. ज्यांचें शव न्यावयास कोणी आलें नाहीं, अशा लंडनच्या दीनदुबळ्यांचे देह त्यांच्यापुढें असत. ह्या निनांवी माणसांचें ऋण साऱ्या वैद्यकविद्येवर आहे, हें येथें सांगितलेंच पाहिजे. ग्रे ह्यांनीं मजकूर लिहिला व कार्टर ह्यांनीं चित्रें काढलीं. पहिल्या आवृत्तींत एकंदर ३६३ चित्रें होतीं. त्या काळीं चित्र लांकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापीत असत. म्हणून कार्टर ह्यांस ठोकळ्यावर आरशांतल्याप्रमाणें उलटें चित्र काढावें लागे, म्हणजे कागदावर तें सुलटें उमटे. त्यांनीं आणखी एक सोय केली. पूर्वीच्या ग्रंथांत चित्राच्या अवयवांवर बारीक आंकडे घालीत व त्यांचा अर्थ दुसरीकडे शोधावा लागे. कार्टर ह्यांनीं पुष्कळ ठिकाणीं अवयवाचें नांव त्या अवयवावरच लिहिलें. स्नायु कोणता, नस कोणती, हें पाहतां क्षणींच कळावें असा त्यांचा हेतु होता. पावलाचीं लहानमोठीं सव्वीस हाडें एकमेकांस कशीं बसतात, त्यांस कोणते पट्टे बांधून ठेवतात, हें त्यांच्या डोळ्यांत व बोटांत कायमचें ठसलें.

हा ग्रंथ १८५८ सालीं प्रसिद्ध झाला आणि पुढें ग्रेज् अनॅटमी ह्या नांवानें जगप्रसिद्ध झाला. परंतु त्याच्या जन्माच्या वेळीं एक अप्रिय गोष्ट घडली. ग्रे ह्यांस दर हजार प्रतींमागें दीडशें पौंड मिळावयाचे ठरलें होतें. कार्टर ह्यांस एकदांच दीडशें पौंड मिळाले, व पुढील हजारों प्रतींत त्यांचा कांहीं वांटा राहिला नाहीं. शिवाय मुखपृष्ठाची कच्ची प्रत ग्रे ह्यांच्या हातीं आली तेव्हां त्यांनीं कार्टर ह्यांच्या नांवाचीं अक्षरें लहान करण्यास सांगितलें व त्यांचें नवें अध्यापकपद त्या पानावरून खोडून टाकलें. ग्रंथ बाहेर पडला त्या वेळीं कार्टर लंडनमध्यें नव्हतेच. ग्रे ह्यांसहि आपली कीर्ति फार दिवस भोगतां आली नाहीं. १८६१ मध्यें देवी येऊन ते ऐन तारुण्यांत मरण पावले.

आपल्यावर झालेल्या अन्यायाचा कार्टर ह्यांनीं कोठें गाजावाजा केला नाहीं. त्या दीडशें पौंडांतून त्यांनीं एक उत्तम सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें आणि तें बरोबर घेऊन १८५८ च्या प्रारंभीं ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरींत रुजू होण्यास निघाले. १८५७ च्या उठावाची धग त्या वेळीं अजून विझली नव्हती. मुंबईस आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीररचना व शरीरक्रिया शिकविण्याचें काम त्यांस मिळालें. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्यासारखे पदवीधर देणारें हें कॉलेज १८४५ मध्यें निघालें होतें, व त्याला लागूनच जमशेटजी जिजीभाई रुग्णालय होतें. त्या रुग्णालयांत इलाख्याच्या दूरदूरच्या भागांतून रोगी येत. त्यांतच कांहीं शेतकरी आपला सुजलेला, छिद्रांनीं भरलेला पाय घेऊन येत, आणि पुष्कळदां तो पाय कापून टाकण्यावांचून वैद्यांपुढें दुसरा इलाज नसे.

हा रोग अगदींच अपरिचित नव्हता. १८४२ मध्यें गिल नांवाच्या वैद्यानें मदुरेस त्याचें वर्णन केलें होतें, व त्यावरून त्यास मदुरेचा पाय असें म्हणत. परंतु तो कशानें होतो हें कोणास ठाऊक नव्हतें. कार्टर ह्यांनीं कापलेले पाय तपासावयास घेतले. ज्या माणसानें पावलाचें प्रत्येक हाड स्वतःच्या हातानें काढिलें होतें, त्याच्यासमोर आतां तेंच पाऊल उघडें होतें. पण हाडें भुसभुशीत होऊन त्यांत पोकळ्या पडल्या होत्या, आणि त्या पोकळ्यांत दाण्यांचे पुंजके बसले होते. कांहींच्या पायांत दाणे बंदुकीच्या दारूसारखे काळे, कांहींच्या पायांत माशाच्या गाभोळीसारखे फिकट, तर क्वचित् लालसर असत. त्यांनीं ते दाणे सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले. काळ्या दाण्यांत गुंतलेले सूक्ष्म धागे त्यांस दिसले, आणि हे धागे बुरशीचे आहेत हें त्यांनीं ओळखलें. १८६० मध्यें मुंबईच्या वैद्यकमंडळापुढें त्यांनीं आपलें मत मांडलें व ह्या रोगास मायसेटोमा, म्हणजे बुरशीची गांठ, असें नांव दिलें. पुढें १८७४ मध्यें त्यांनीं ह्याच विषयावर स्वतःच्या चित्रांसह एक स्वतंत्र ग्रंथ लंडनमध्यें प्रसिद्ध केला. ह्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांचें नांव कोणी लहान केलें नाहीं.

एवढीशी बुरशी मनुष्याच्या पायाची अशी दशा कशी करते, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें पूर्ण उत्तर कार्टर ह्यांच्या काळीं देतां येण्यासारखें नव्हतें. आतां त्यांतील बराच भाग कळला आहे. आपल्या कातडीस घट्टपणा, स्नायूस हाडाशीं बांधणाऱ्या कंडरेस बळकटी व हाडास चिवटपणा ज्या द्रव्यामुळें येतो, त्यास कोलॅजेन म्हणतात. हें नांव ग्रीक भाषेंतील सरस ह्या अर्थाच्या शब्दावरून पडलें आहे. कारण सुतार ज्या सरसानें लांकूड सांधीत, तो कातडें व हाडें उकळून, म्हणजे कोलॅजेनापासूनच काढीत. कोळ्याच्या होडीचा तीन पदरी दोर जवळून पाहिला तर त्याचे पदर एकमेकांभोंवतीं पिळलेले दिसतात, आणि त्या पिळामुळेंच त्यास बळ येतें. कोलॅजेनचा अतिसूक्ष्म दोरहि असाच तीन पदरांचा आहे. ही रचना १९५४-५५ च्या सुमारास मद्रास विद्यापीठांत गो. ना. रामचंद्रन् व गोपीनाथ कर्था ह्या दोन भारतीय शास्त्रज्ञांनीं उलगडून दाखविली. हा पीळ असा घट्ट असतो कीं सामान्य पाचकद्रव्यांस तो सहसा तुटत नाहीं.

बुरशीस तोंड नाहीं व पोटहि नाहीं. ती आपल्या धाग्यांतून विकर नांवाचीं पाचकद्रव्यें बाहेर सोडते, भोंवतालचा पदार्थ बाहेरच पचविते, आणि मग विरघळलेला अंश शोषून घेते. पावसाळ्यांत भाकरीवर चढणारी बुरशी हेंच करते, आणि झाडाखालच्या पाचोळ्याची माती होते तीहि बव्हंशीं ह्याच युक्तीनें. कांहीं बुरशींजवळ कोलॅजेनचा तीन पदरी दोर तोडणारें विकरहि असतें. त्यास कोलॅजिनेज म्हणतात. मेलेल्या जनावराच्या कातड्याची माती होण्यास अशीं विकरें साह्य करतात, आणि ह्या दृष्टीनें तीं सृष्टीच्या उपयोगाचींच आहेत. परंतु जी बुरशी मातींत राहून आपलें काम करावयाची, ती कांट्याबरोबर जिवंत पायांत शिरली म्हणजे तेंच सामर्थ्य घातक होतें. मायसेटोमा उत्पन्न करणाऱ्या जंतूंच्या तपासणींत प्रथिनें विरघळविणारीं विकरें आढळलीं आहेत. मात्र सारा दोष एकट्या बुरशीचा नव्हे. आपल्या शरीरांतहि जुनें कोलॅजेन मोडून नवें घालण्यासाठीं अशीं विकरें असतात. दीर्घकाळ झगडा चालला म्हणजे तींहि त्या जागीं वाढतात, आणि शत्रूस अडविण्याच्या भरांत घराच्याच भिंती पडतात. आश्चर्य असें कीं हाडें पोखरलीं जात असतांहि कंडरा व मज्जातंतु बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळें पाय हलतो, वेदना थोडी असते, आणि रोगी वैद्याकडे फार उशिरां येतो.

कार्टर ह्यांचें मत सर्वांनीं तत्काळ मान्य केलें असें नाहीं. कलकत्त्याचे लुइस व कनिंगहॅम ह्या दोन नामांकित संशोधकांनीं १८७५ मध्यें बुरशी हेंच रोगाचें कारण आहे ह्याविषयीं शंका प्रकट केली. त्यांच्या शंकेस आधार नव्हता असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्या एका बुरशीस प्रथम अपराधी ठरविण्यांत आलें, व जिला शास्त्रीय नांव देतांना त्यांत कार्टर हें नांव गोंवण्यांत आलें, ती खरी अपराधी नव्हे असें पुढें सिद्ध झालें. फिकट दाण्यांच्या पुष्कळ प्रकारांत तर बुरशीच नसून बुरशीसारखे धागे धरणारे जीवाणु असतात. त्यांतील एक व्हँसाँ ह्या फ्रेंच वैद्यानें १८९४ मध्यें वेगळा काढून दाखविला. मात्र काळ्या दाण्यांची बुरशी खरीच निघाली. ब्रुम्प्ट ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९०५ मध्यें मदुरेच्या नांवावरून तिचा वर्ग मदुरेला म्हणून स्थापिला. सारांश, कार्टर ह्यांनीं चोराचा मार्ग बरोबर ओळखला होता, मात्र प्रत्येक चोराची ओळख त्यांस पटली नव्हती. त्यांनीं जें पाहिलें तें जसेंच्या तसें चित्रित करून ठेवलें होतें, म्हणून पुढच्यांस त्यांची चूक दुरुस्त करतां आली व त्यांचें सत्यहि राखतां आलें.

ह्या एका विषयावरच ते थांबले नाहींत. १८६३ पासून १८७२ पर्यंत ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते व तेथील तुरुंगाची देखरेखहि त्यांच्याकडे होती. महारोगाचा त्यांनीं खोल अभ्यास केला. त्या रोगासंबंधीं नॉर्वे देशांत मोठें कार्य चाललें आहे असें जाणून ते रजेच्या काळांत तिकडे गेले व तेथील रुग्णालयें पाहून त्यांनीं सरकारास अहवाल सादर केला. रोग्यांस वेगळें ठेवावें असें त्यांचें मत होतें. त्या काळीं औषध नव्हतें म्हणून तसें वाटणें साहजिक होतें. आज महारोग औषधांनीं पूर्ण बरा होतो आणि रोग्यास दूर लोटण्याचें कारण उरलेलें नाहीं. १८७६ मध्यें ते मुंबईस गोकुळदास तेजपाल रुग्णालयावर आले. त्याच सुमारास दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला आणि उपाशी, थकलेल्या माणसांचे तांडे मुंबईकडे लोटले. त्यांच्यांत एक उलटून उलटून येणारा ताप पसरला. कार्टर ह्यांनीं रोग्यांचें रक्त तपासून त्यांत मळसूत्रासारखा वळलेला जंतु दाखवून दिला, आणि हा तापाचाच जंतु होय हें पुढील प्रयोगांनीं दृढ केलें. १८८२ मध्यें त्यांनीं ह्या दुष्काळी तापावर ग्रंथ लिहिला. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य म्हणूनहि त्यांनीं काम पाहिलें. हिंवतापाचा जंतु फ्रेंच वैद्य लाव्हेराँ ह्यांनीं शोधून काढला होता. तो मुंबईच्या रोग्यांच्या रक्तांत १८८७ मध्यें कार्टर ह्यांस दिसला. ह्या साऱ्या कामांत तीच पद्धति होती: रोग्याजवळ जावें, भिंगांतून पाहावें, आणि जें दिसेल तेवढेंच काढावें.

मुंबईंतील पहिल्या संसारांत त्यांस सुख लाभलें नाहीं. त्यांचीं पुष्कळ वर्षें एकटेपणांत गेलीं. तीस वर्षांची नोकरी संपवून १८८८ मध्यें ते स्वदेशीं परतले व स्कारबरोस राहिले. १८९० मध्यें त्यांचा पुनः विवाह झाला व त्यांस दोन अपत्यें झालीं. त्याच वर्षीं इंग्लंडच्या राणीचे मानद शस्त्रवैद्य हा बहुमानहि त्यांस मिळाला. परंतु हें स्वास्थ्य थोड्याच वर्षांचें ठरलें. ज्यानें आयुष्यभर इतरांचे जंतु शोधले, त्यास क्षयाच्या जंतूनें गांठलें, आणि ता. ४ मे १८९७ रोजीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षांत, त्यांचें देहावसान झालें.

त्यांचें ग्रंथकर्म आजहि जिवंत आहे. ग्रे ह्यांच्या नांवाचा तो ग्रंथ नवनव्या आवृत्त्यांनीं अद्यापि निघतो, आणि अलीकडे अभ्यासकांनीं त्याच्या इतिहासांत कार्टर ह्यांस त्यांचें योग्य स्थान परत दिलें आहे. मायसेटोमा हा रोगहि नाहींसा झालेला नाहीं. भारतांत, सूदान देशांत व इतर उष्ण प्रदेशांत तो अजून गरिबांच्या पायांस ग्रासतो. तो श्रीमंतांस क्वचित् होतो, म्हणून त्याची हांक लवकर कोणाच्या कानीं गेली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास दुर्लक्षित रोगांच्या यादींत घातलें तें २०१६ मध्यें, म्हणजे कार्टर ह्यांच्या निवेदनानंतर एकशें छपन्न वर्षांनीं. जीवाणूंपासून होणाऱ्या प्रकारास आतां चांगलीं औषधें आहेत. खऱ्या बुरशीच्या प्रकारांत मात्र महिनेच्या महिने औषध घेऊनहि पुष्कळदां शस्त्रक्रिया करावी लागते. गांठ लहान असतांच उपचार झाला तर पाय वांचतो.

तेव्हां ह्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी मनांत धराव्या. पहिली अगदीं साधी आहे. कांटा मोडला तर तो पूर्ण काढावा, जखम धुवावी, आणि त्या जागीं न दुखणारी गांठ राहिली तर ती न दुखते म्हणूनच वडिलांस दाखवावी. सुटींत गांवीं जाल तेव्हां शेतांत राबणाऱ्या आपल्या माणसांसहि हें सांगावें व त्यांच्या पायांत वहाण असेल असें पाहावें. दुसरी गोष्ट कामाच्या मोबदल्याविषयींची आहे. कार्टर ह्यांच्या चित्रांचें श्रेय दुसऱ्याकडे गेलें, पैसाहि बहुतेक दुसऱ्याकडे गेला. जो थोडा हातीं आला, त्याचें त्यांनीं भिंग घेतलें, आणि त्या भिंगांतून परक्या देशच्या अनवाणी शेतकऱ्याच्या पायांत काय आहे तें पाहिलें. मुखपृष्ठावरील अक्षरें लहान करतां येतात; परंतु त्या भिंगाखालीं जें दिसलें, तें कोणास खोडतां आलें नाहीं.